बाया कर्वे : संस्थेमागचे घर

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र मराठी वाचकाला तोंडपाठ असते. मुरूडचा गरीब मुलगा, फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचा प्राध्यापक, विधवेशी पुनर्विवाह, हिंगण्याची झोपडी, महिला विद्यापीठ, शंभराव्या वर्षी भारतरत्न. या चरित्रात एक वाक्य हमखास येते : ‘त्यांच्या पत्नीने त्यांना मोलाची साथ दिली.’ थोरांच्या पत्नींविषयी आपल्याकडे हे वाक्य इतक्यांदा लिहिले गेले आहे की, ते वाचताना डोळा थांबतसुद्धा नाही. पण आनंदीबाई कर्वे, म्हणजे घरच्यादारच्या साऱ्यांच्या ‘बाया’, यांच्या बाबतीत हे वाक्य अपुरे तर आहेच, शिवाय ते एक महत्त्वाचे भांडण झाकून टाकते. ते भांडण समजले, तरच एकोणिसाव्या शतकातील सुधारणेचा खर्च नेमका कोणाच्या नावावर पडला, हे कळते.

बायांचे माहेर देवरुखकडचे जोशी. जन्म १८६५ च्या सुमाराचा, माहेरचे नाव गोदावरी, घरात गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न झाले आणि अवघ्या तीन महिन्यांत वैधव्य आले. नवरा म्हणजे काय हे कळण्याआधीच ती मुलगी विधवा म्हणून सासरी राबू लागली. त्या काळच्या कोकणात अशी बालविधवा घरोघरी असे. शेण, पाणी, दळण, कांडण, सोवळ्याचा स्वयंपाक आणि दुसऱ्यांची बाळंतपणे, या सगळ्याला तिचे हात लागत. मंगलकार्यात मात्र तिची सावली नको असे. तिच्या श्रमाला मजुरी नव्हती आणि घरात वाटाही नव्हता. पोटापुरते अन्न आणि वर्षाकाठी लुगडे एवढ्यावर तिचा हिशेब मिटे. ‘आपल्या हातात पैसा नसणे’ म्हणजे काय, हे गोदूबाई पुस्तकात वाचून शिकल्या नव्हत्या, ही गोष्ट पुढच्या साऱ्या कथेत ध्यानात ठेवावी लागते.

या आयुष्यातून त्यांना बाहेर काढले ते भावाने. नरहरपंत जोशी मुंबईत शिकत होते. विशी ओलांडलेल्या विधवा बहिणीला ते मुंबईला घेऊन आले. कर्वे हे नरहरपंतांचे स्नेही आणि बिऱ्हाडातले सोबती. गोदूबाई त्या बिऱ्हाडात स्वयंपाकपाणी पाहू लागल्या. याच सुमारास पंडिता रमाबाई अमेरिकेहून परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून गोदूबाईंचे नाव लागले. वय विशीपलीकडचे आणि हातात पहिले बुक! पुढच्या वर्षी सदन पुण्याला हलले, तेव्हा त्याही पुण्याला आल्या.

इकडे १८९१ साली कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई वारल्या. रघुनाथ हा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी टिळकांच्या राजीनाम्यानंतर रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागेवर कर्वे फर्ग्युसनमध्ये रुजू झाले. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. गोदूबाईंचे वडील बाळकृष्णपंत यांनी या विवाहाला संमती दिली. ही संमती लहान नव्हे. पुनर्विवाहात वराच्या धैर्याची वाखाणणी होते, पण देवरुखासारख्या ठिकाणी त्यानंतर तोंड दाखवायचे असते ते मुलीच्या बापाला. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. शारदा सदन उघडले त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

मुरूडला बहिष्काराचा ठराव झाला. त्याची धग पुण्यात राहणाऱ्या कर्व्यांपेक्षा गावात राहणाऱ्या त्यांच्या आईला आणि भावाला अधिक लागली. सुधारकाच्या कृतीची किंमत घरातल्या माणसांनी मोजायची, हा क्रम असा पहिल्याच महिन्यांत सुरू झाला.

त्याच वर्षी शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप झाला. पालकांनी मुली काढून नेल्या आणि रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. विधवांच्या शिक्षणासाठी हिंदू समाजाला विश्वास वाटेल अशी संस्था हवी, हा विचार यातूनच बळावला आणि १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. प्लेगमुळे १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले, त्यातून पहिली झोपडी उभी राहिली. कॉलेज आटोपून कर्वे रोज पायी हिंगण्याला जात. या पायपिटीची कहाणी पुढे शाळकरी पुस्तकांतही पोहोचली.

ते हिंगण्याला जात, तेव्हा घरी कोण होते, हे मात्र त्या कहाणीत सहसा येत नाही. घरी बाया होत्या. सावत्र मुलगा रघुनाथ, पोटचे शंकर, दिनकर आणि पुढे भास्कर, शिवाय आश्रयाला आलेली आणि शिकायला राहिलेली परक्यांची मुले, असा तो संसार. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदाचा पगार महिना पंचाहत्तर रुपये. त्यातला मोठा वाटा आश्रमाकडे जाई. कर्व्यांनी शिल्लकीतले हजार रुपये आश्रमाला दिले, आणि मग आपली पाच हजारांची विमा पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून दिली.

भांडण झाले ते या पॉलिसीवरून.

चरित्रकारांनी हा प्रसंग बहुधा कर्व्यांच्या निःस्वार्थाचा दाखला म्हणून सांगितला आहे, आणि बायांचा राग हा संसारी बाईचा स्वाभाविक मोह म्हणून सोडून दिला आहे. मला हा न्याय उलटा वाटतो. विमा हा नवऱ्याच्या पश्चात बायको-मुलांसाठी असतो. कर्व्यांना उद्या काही झाले असते, तर आनंदीबाई दुसऱ्यांदा विधवा झाल्या असत्या. या वेळी पदरात मुले असती आणि पुनर्विवाहित म्हणून सासर-माहेरच्या गावांत दार बंद असते. विधवेला निराधार ठेवू नये म्हणून आश्रम काढला गेला, आणि त्याच आश्रमासाठी संस्थापकाच्या पत्नीचा आधार काढून घेतला गेला. बाया ज्या मुद्द्यावर अडून बसल्या, तो आश्रमाचाच मुद्दा होता. आश्रमाच्या हितचिंतकांत न्यायमूर्ती होते, प्राध्यापक होते, रावबहादूर होते. पण कफल्लक विधवा असण्याचा अनुभव त्यांच्यापैकी किती जणांच्या गाठी असणार?

यात आणखी एक पेच होता. लोकांचा विश्वास बसावा म्हणून कर्व्यांनी आश्रम आणि पुनर्विवाह ही दोन कामे कटाक्षाने वेगळी ठेवली. १८९३ साली त्यांनीच पुढाकार घेऊन काढलेल्या विधवाविवाहोत्तेजक मंडळीच्या चिटणीसपदावरूनही ते पुढे दूर झाले. संस्था टिकवण्याच्या दृष्टीने हे धोरण शहाणपणाचे ठरले. पण पुनर्विवाहित बाई हीच ज्या घराची गृहिणी, त्या घराला या शहाणपणाचा अर्थ फार जवळून कळला असेल. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हीही विधवा. तिने पुनर्विवाह केला नाही. ती आश्रमात शिकली, आश्रमाची प्रमुख कार्यकर्ती झाली, निधीसाठी देशभर हिंडली आणि थेट अमेरिकेत घरकामे करून राहिली. पार्वतीबाईंना आश्रमाचे दार सताड उघडे होते. थोरल्या बहिणीची जागा, निदान सुरुवातीची काही वर्षे, पुण्यातल्या बिऱ्हाडातच होती. एकाच आईच्या दोन विधवा लेकींच्या वाटा अशा फुटल्या.

बाया रुसून बसल्या नाहीत. आश्रम इतर विधवांना जे औषध देत होता, तेच त्यांनी स्वतः घेतले. त्या नागपूरला गेल्या आणि सुईणीचे शिक्षण घेतले. हे करताना त्या पोरवयातल्या नव्हत्या, संसार चालू होता. नवऱ्याचा पैसा संस्थेचा झाला असेल, तर आपल्या हाताला मोल आणू, असा हा सरळ हिशेब. घर त्यांनी असे चालवले की मुलांची शिक्षणे अडली नाहीत. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासाला गेले. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. भास्कर यांनी हिंगण्याच्या संस्थेलाच वाहून घेतले. रघुनाथांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवून बापाच्याही पुढे जाऊन समाजाचा रोष पत्करला.

आणि मग उतारवयात बाया स्वतःच झोळी घेऊन बाहेर पडल्या. ज्या संस्थेने घराची कमाई नेली, त्याच संस्थेसाठी त्या दारोदार वर्गणी मागू लागल्या. याला कोणी हृदयपरिवर्तन म्हणेल, पण तसे म्हणण्याची गरज नाही. विधवेच्या हातात विद्या आणि पैसा असावा, याविषयी त्यांचा कधीच मतभेद नव्हता. मतभेद होता तो हा पैसा कोणाला न विचारता उचलावा, एवढ्यापुरता. लेकरांची सोय लागल्यावर आपल्या अंगमेहनतीचे दान करायला त्या मोकळ्या झाल्या. त्यांनी दिले ते स्वतःच्या खुशीने, आणि दान या शब्दाला तेवढ्यानेच अर्थ येतो.

त्यांचे आत्मकथन ‘माझे पुराण’ सूनबाई कावेरी कर्वे यांनी संपादित केले. ते १९४४ साली प्रसिद्ध झाले. कर्व्यांच्या ग्रंथाचे नाव ‘आत्मवृत्त’. बायांच्या ग्रंथाचे ‘पुराण’. म्हातारीने पुराण लावले की घरातली माणसे हळूच उठून जातात, हे पुरते ठाऊक असलेल्या बाईनेच असे नाव द्यावे! आपल्या जगण्याला चरित्राची भारदस्ती न देता त्यांनी ते ओटीवरच्या बोलण्यासारखे सांगितले. दुसऱ्या सूनबाई, इरावती कर्वे, यांनी सासऱ्यांविषयी लिहिताना आदराने लिहिले. पण अशा पुरुषाची पत्नी होणे किती अवघड, हेही सांगायला त्या विसरल्या नाहीत. घरातल्या स्त्रियांनी घरातल्या स्त्रीची बाजू अशी नोंदवून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला वाचता येते.

१९५० साली, पंच्याऐंशीच्या घरात, बाया गेल्या. कर्वे त्यांच्यानंतर बारा वर्षे जगले. पद्मविभूषण आणि भारतरत्न हे दोन्ही सन्मान बायांच्या पश्चात आले.

हिंगण्याच्या संस्थेची भाऊबीज निधीची प्रथा आजही चालू आहे. दिवाळीत संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी जातात आणि अनोळखी भावांकडून ओवाळणी घेऊन येतात. हा निधी मागणाऱ्या बाईला हल्ली कोणी अपशकुनी समजत नाही. नरहरपंतांनी बहिणीला ओवाळणीत लुगडे घालून सासरी परत धाडले असते, तरी रीत पुरी झाली असती. त्यांनी तिला मुंबईला नेऊन शाळेत घातले. बाया कर्वे यांच्या पंच्याऐंशी वर्षांचा हिशेब मांडायचा, तर जमेची पहिली नोंद या भाऊबीजेची करावी लागेल. खर्चाच्या बाजूला मात्र ती पॉलिसीही लिहावी. ती वगळून मांडलेला सुधारणेचा ताळेबंद जुळत नाही.