विचारांचे वजन करणारा माणूस

'खेळत काय बसलास, अभ्यास कर!' हे वाक्य आपण सर्वांनीच लहानपणी ऐकले आहे आणि पुढे मुलांना ऐकवलेही आहे. दहावीचे वर्ष आले, की पी.टी.चा तास हमखास गणिताला दिला जातो. शरीराचे खाते वेगळे, बुद्धीचे वेगळे, अशी आपली पक्की समजूत. ही समजूत प्रयोगाने तपासण्याचा एक मोठा प्रयत्न एकोणिसाव्या शतकात इटलीतील तुरिन शहरात झाला.

आंजेलो मोस्सो (१८४६-१९१०) हे सुताराचे चिरंजीव. पुढे ते तुरिन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्याकडे बर्टिनो नावाचा एक शेतकरी आला. अपघातात त्याच्या कवटीला भोक पडले होते आणि तेथे मेंदूची धडधड जाणवत असे. मोस्सो यांनी ती कागदावर उमटवणारे साधन बसवले. दुपारी चर्चची घंटा वाजली, बर्टिनोला प्रार्थनेची आठवण झाली आणि मेंदूचे ठोके जोरकस झाले. हाताच्या नाडीत मात्र फरक नव्हता. बारा आठे किती, असे विचारल्यावरही तेच घडले. विचार करताना मेंदूकडे रक्ताची धाव वाढते, असा अर्थ त्यांनी लावला.

मग त्यांनी एक लाकडी तराजू केला. त्यावर माणसाला आडवे झोपवून तोल साधायचा आणि त्याला विचार करायला लावायचे. डोक्याकडची बाजू खाली जाते, असे मोस्सो यांचे निरीक्षण होते. बोटाने वजन उचलायला लावून थकवा मोजणारे यंत्रही त्यांनी बनवले. दिवसभर विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या एका सहकाऱ्याचे बोट त्या यंत्रावर नेहमीपेक्षा लवकर थकले. काम डोक्याने केले होते, दमला स्नायू! शाळांमध्ये मुलांना मोकळे खेळू द्यावे, यासाठी मोस्सो यांनी पुढे लेखणी झिजवली.

व्यायामाने मेंदूला जास्त प्राणवायू मिळतो आणि म्हणून बुद्धी तल्लख होते, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात गोष्ट इतकी सरळ नाही. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर वापरते त्यातील सुमारे २० टक्के प्राणवायू त्याला लागतो. १९४०च्या दशकात अमेरिकेत सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी नायट्रस ऑक्साइड हुंगवून व रक्ताचे नमुने तपासून मेंदूतील रक्तप्रवाह मोजण्याची रीत शोधली. पुढे १९५५मध्ये केटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मनातल्या मनात गणिते करणाऱ्यांची मोजणी केली. संपूर्ण मेंदूच्या प्राणवायूच्या खर्चात वाढ आढळली नाही! मेंदू आपला पुरवठा कसोशीने सांभाळतो. रक्त वाढते ते मुख्यतः त्या त्या वेळी काम करणाऱ्या भागात. निरोगी माणसाच्या रक्तात बसल्या जागीही प्राणवायूची कमतरता नसते.

मग व्यायामाचा उपयोग काय? तो दिसतो दीर्घ मुदतीत. १९९९मध्ये अमेरिकेत आर्थर क्रेमर आणि सहकाऱ्यांनी ६० ते ७५ वयाच्या, बैठे जीवन जगणाऱ्या १२४ जणांचे दोन गट केले. सहा महिने एका गटाने भरभर चालण्याचा आणि दुसऱ्याने केवळ अंग ताणण्याचा व्यायाम केला. एका कामावरून दुसऱ्याकडे वळणे, नको त्या गोष्टीकडे दुर्लक्ष करणे यांत चालणारे पुढे गेले. २०११च्या एका प्रयोगात वर्षभर चालणाऱ्या वृद्धांच्या मेंदूतील, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला आढळला. एरवी तो वयाबरोबर आक्रसतो. सगळ्याच प्रयोगांत इतका लाभ दिसलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण हृदय आणि रक्तवाहिन्या निकोप ठेवणे मेंदूच्या हिताचे आहे, याबद्दल दुमत नाही.

म्हणजे परीक्षेच्या सकाळी चार जोर मारून गुण वाढतील, अशी आशा नको. व्यायाम ही बचत आहे. ती रोज थोडी थोडी टाकावी लागते आणि उतारवयात कामी येते. ती सवय लागायची ती शाळेतच. म्हणून पुढच्या पालकसभेत गणिताचे शिक्षक पी.टी.चा तास मागतील, तेव्हा आपण निदान एकदा 'नको' म्हणून पाहावे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)