चार आवाजांची विद्या

जबलपूरच्या सिविल लाइंसमधील आम्हा मंडळींना संगीत म्हटले की तानपुरा आणि त्याच्या आधाराने चाललेला एकच गळा आठवतो. मात्र गोव्यात, पोर्तुगीज अमदानीत, चर्चला जोडलेल्या शाळांतून मुले निराळीच विद्या शिकत. प्रथम स्वरलिपी, मग व्हायोलिन. आणि पुढे जाणाऱ्यास सोप्रानो, आल्टो, टेनर व बेस असे चार आवाज एकत्र लिहिण्याचा पाठ.

या विद्येचे नियम कठोर. १७२५ साली फुक्स याने आपल्या लॅटिन ग्रंथात घालून दिलेले पाठ बीथोव्हेननेही गिरवले. दिलेल्या चालीविरुद्ध आधी एका स्वरास एक, मग एकास दोन, पुढे एकास चार. दोन आवाजांनी षड्ज-पंचमाचे अंतर राखून बरोबरीने सरकणे मात्र निषिद्ध! ज्या अंतरावर आमचा तानपुरा जुळतो, तेच तेथे दोष ठरते. कारण दोन्ही आवाज आपले स्वातंत्र्य गमावून एकमेकांत विरतात.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले ते ही विद्या घेऊन. त्यांना रागदारीचाही ध्यास होता. १९५८ साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला; लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायले. रागात वर्ज्य असलेला स्वर हार्मनीसाठी घ्यावा काय, हा अशा रचनेतील खरा पेच. आमच्या मते घेऊ नये. रागाच्याच स्वरांत चार आवाज विणणे अवघड, पण सन्मान्य.

अशा अरेंजरांची नावे तबकड्यांवर क्वचितच छापली गेली. गोन्साल्विस यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यामुळे, आणि तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या गुरुभक्तीमुळे.