मायना हरवलेली तार

जुन्या मराठी पत्रात मायना कधी कधी मजकुराहून मोठा असे. पेशवाईतल्या पत्रांत 'राजश्रिया विराजित राजमान्य राजश्री'. घरच्या पत्रात माथ्यावर 'श्री', मग वडिलांना साष्टांग नमस्कार, धाकट्यांना अनेक आशीर्वाद आणि 'येथील सर्व कुशल'. आज हा पाल्हाळ वाटतो. मला मात्र मायना हा पत्राचा आवाज वाटतो. कोण, कोणत्या नात्याने बोलत आहे आणि घरी सारे ठीक आहे ना, हे पहिल्या दोन ओळींत कळे. म्हणूनच मृत्यूची वार्ता कळवताना 'श्री' गाळण्याची रीत होती. तसे पत्र हाती पडले, की मजकूर वाचण्याआधीच काळजात धस्स होई.

अशा समाजात तार आली. १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर हा तारमार्ग सुरू झाला आणि १८५५ साली तारसेवा सर्वसामान्यांना खुली झाली. तारेला शब्दागणिक दाम. तिथे साष्टांग नमस्काराचे पैसे कोण मोजणार? 'मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली' एवढेच उरले, तेही इंग्रजीत. निकड असल्याखेरीज कोणी तार करीत नसे, म्हणून माणसे तारेला भीत, हे खरेच. पण माझ्या मते आणखी एक कारण होते. मायना नसलेला कागद आमच्या डोळ्यांना आधीपासूनच अशुभ होता, आणि नोकरी लागल्याची तारही त्याच वेषात येई.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, कोल्हापूर मुंबई राज्यात राहिले. सोयरेधायरे दोन्हीकडे, त्यामुळे आम्हा सीमाभागातल्यांना टपाल-तारेचे महत्त्व सांगायला नको. तारवाला दारात दिसला, की शेजारीपाजारी गोळा होत. समंजस तारवाला आधी 'चांगली बातमी आहे' म्हणे आणि मग सहीसाठी कागद पुढे करी. हरवलेला मायना तो तोंडाने भरून काढी.

तारखात्यानेही यावर एक तोड काढली होती. शुभेच्छांची ठरावीक वाक्ये छापून त्यांना क्रमांक दिले. पाठवणाऱ्याने फक्त आकडा लिहायचा. घेणाऱ्याच्या हाती सजवलेल्या कागदावर पुरे वाक्य पडे. दिवाळीच्या शुभेच्छांचा क्रमांक होता १. आजीला आणि साहेबाला शब्द तेच. पण त्या रंगीत कागदाला कोणी घाबरत नसे.

जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. आता मोबाइलवरच्या निरोपाला शब्दागणिक पैसे पडत नाहीत. तरीही परगावच्या मुलाला आपण नुसते 'फोन कर' एवढेच धाडतो, आणि तो बिचारा धास्तावतो. शब्द फुकट झाले. त्यातले दोन 'सर्व कुशल' यासाठी खर्चायला हरकत नसावी.