चौक आणि व्हरांडा : व्हिक्टोरियाच्या काळातलं नगरचं घर

व्हिक्टोरियाकालीन घर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विलायती बंगला येतो. पण राणीच्या राज्यात, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, नगर जिल्ह्याच्या पठारी भागातलं ओळखीचं घर होतं धाब्याचं. म्हणून आपण तिथूनच सुरुवात करू.

दगडी जोतं, जाड भिंती, वर तुळया, त्यावर कड्या आणि सगळ्यावर पांढऱ्या मातीचा थर. पाऊस कमी, त्यामुळे सपाट छप्पर चालतं. पाणी पन्हळीतून खाली उतरतं. याच जिल्ह्यात पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरात गेलं, की मुसळधार पावसामुळे छप्परं उतरती होतात. घर किती मोठं, हे खणांत सांगायचे. ऐपत असली की याच घराचा चौकाचा वाडा व्हायचा.

वाड्याचं तोंड आत, चौकाकडे. ओटा, ओसरी, माजघर, मग स्वयंपाकघर आणि देवघर. कोणी कुठवर यायचं, हे त्या क्रमातच ठरलेलं असे. काहींसाठी तर ओटासुद्धा बंद होता.

१८३१ मध्ये नगरात अमेरिकन मराठी मिशन आलं. भिंगारला लष्कराची छावणी होतीच. त्यांच्यासोबत बंगला रुजला. त्याचं तोंड बाहेर, बागेकडे. भोवती व्हरांडा, उंच छत. स्वयंपाकघर बहुधा मागे, वेगळं. पण इथेही नोकरांची दारं निराळीच होती, हे विसरू नये. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि पत्रा, मंगळुरी कौलं, काच आणणं सोपं झालं.

पण घर नुसत्या सामानाने बदलत नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी काही काळ त्यांनी आपली चूल आणि पाणी वेगळंच ठेवलं. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. एका छपराखाली दोन चुली, ही त्या काळाच्या घराची खरी कहाणी. 'स्मृतिचित्रे'त ती लक्ष्मीबाईंनी स्वतःच सांगितली आहे. नगरच्या याच कुटुंबात पुढे बालकवी मुलासारखे राहिले. सोवळ्याची ती रेघ भिंतीत नव्हती, मनात होती. ती पुसायला त्या बाईला काही वर्षं लागली.

आज जुने वाडे पडताहेत. वारस वाढले, जुनी भाडी दुरुस्तीला पुरत नाहीत, धाब्यावर दर पावसाळ्याआधी माती कोण टाकणार? पाडणाऱ्या कुटुंबाला दोष देणं सोपं आहे, पण ते आपल्याला पटत नाही. एवढंच करू या : घर उतरवण्याआधी खण मोजा, नकाशा काढा, फोटो घ्या. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा, पाहुणा कुठवर येत असे आणि कोणाला दारातच थांबवत. ते उत्तर कुठल्याही सरकारी उताऱ्यावर सापडत नाही.