इंजिनाच्या भागांवरील रंग टिकवायचा असेल तर...

नागपूरहून सावनेरला आल्यावर रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक पांढुर्ण्यावरून बैतूलकडे जातो. दुसरा सौंसर मागे टाकून सिल्लेवानी घाटातून छिंदवाड्याला पोहोचतो. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा प्रामुख्याने याच दोन मराठीभाषक तालुक्यांचा बनलेला आहे. संत्र्याच्या या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि गळक्या इंजिनावर तेल व धूळ मिळून जाड थर साचतो. गोव्यात हेच नुकसान खारी, दमट हवा गंजाच्या वाटेने करते. हवामान भिन्न असले तरी रंग निघण्याचे मुख्य कारण दोन्हीकडे एकच: रंगाखाली राहिलेला तेलकटपणा किंवा गंज.

भागानुसार रंग

इंजिनाचा प्रत्येक भाग सारखा तापत नाही. शीतक द्रवाचे तापमान साधारण ९० ते १०५ अंश सेल्सिअस असते. त्यामुळे ब्लॉक, टॅपेट कव्हर, ऑइल चेंबर व पुली यांना इंजिनासाठी बनविलेला इनॅमल रंग पुरतो. एग्झॉस्ट मॅनिफोल्डचे मात्र तसे नाही. भरलेली गाडी घाट चढत असता तो कित्येक शे अंशांपर्यंत तापतो. तेथे साधा इनॅमल जळून त्याचे पोपडे निघतात. ६०० अंशांच्या आसपास टिकणारा सिलिकॉनयुक्त रंगच हवा. डब्यावरील तापमर्यादा सतत सोसण्याची आहे की क्षणिक, हेही वाचून घ्यावे.

सफाई

तेल गळत असेल तर आधी गॅस्केट किंवा सील बदलावे. गळती रंगाने झाकली जाते, थांबत नाही. अनेक ठिकाणी भाग रॉकेल किंवा डिझेलने धुतात. त्याने मळ सुटतो, पण वर तेलकट पापुद्रा उरतो. म्हणून नंतर साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, शेवटी थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसावे. त्यानंतर उघड्या हाताचा स्पर्शही टाळावा. पेट्रोलने धुणे आगीला आमंत्रण आहे.

बिडाच्या भागांवरील गंज तारेच्या ब्रशने काढून लगेच गंजरोधक प्रायमर लावावा. ॲल्युमिनियमवर कॉस्टिक सोडा वापरू नये. तो धातूच खातो. ॲल्युमिनियमवर साधा प्रायमर नीट धरत नाही, त्यासाठी एच प्रायमर वापरतात. मॅनिफोल्डला मात्र साधा प्रायमर चालत नाही; रंगाच्या उत्पादकाने सांगितले असेल तरच उष्णतारोधक प्रायमर द्यावा.

काय झाकावे

गॅस्केट बसणारे पृष्ठभाग, आटे, सेन्सर, प्लगची भोके आणि अर्थिंगची जागा मास्किंग टेपने झाकावी. अर्थिंगखाली रंग गेल्यास विद्युतमार्ग अडतो व गाडी सुरू होताना त्रास होतो. इंजिनाच्या आतील बाजूस रंग लावू नये. सुटलेला पोपडा तेलाच्या वाटा बुजवू शकतो. ब्लॉकवर कोरलेला इंजिन क्रमांक जाड रंगाखाली बुजू देऊ नये. वाहन तपासणीत आणि विक्रीच्या वेळी तो वाचता येणे आवश्यक असते.

रंगाचे हात

एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात अधिक टिकतात. दोन हातांमध्ये साधारण १० ते १५ मिनिटे जाऊ द्यावीत. सिलिकॉन रंगाचा वाळलेला थर तर सुमारे २० ते २५ मायक्रॉनचाच असावा लागतो. जाड झाल्यास तापताच फोड येतात. पांढुर्णा-सौंसरच्या उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या धातूवर फवारा पोहोचण्याआधीच वाळू लागतो व पृष्ठभाग खरखरीत होतो. तेथे सकाळची वेळ योग्य. पावसाळ्यात, आणि गोव्यात तर एरवीही, ओलावा पाहावा. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि धातू दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी उष्ण असावा.

इनॅमल रंग किमान एक दिवस वाळू द्यावा. सिलिकॉन रंग नुसत्या हवेने पक्का होत नाही. इंजिन थोडा वेळ चालवून थंड होऊ देणे आणि मग पुन्हा थोडे अधिक चालवणे, अशा टप्प्यांनी तो भाजला जातो. रंगाचा पहिला धूर निघून जावा म्हणून हे काम उघड्यावर करावे.

पावडर कोटिंगचा थर अधिक कठीण असतो. त्यासाठी सुटा भाग सुमारे १८० ते २०० अंशांच्या भट्टीत ठेवावा लागतो; म्हणून त्यातील रबरी सील व प्लास्टिक आधी काढावे. दोन डब्यांच्या पॉलियुरेथेन रंगातील आयसोसायनेट श्वासाला घातक असल्याने साधा रुमाल पुरत नाही, योग्य मुखवटा लागतो.

जुनी गाडी घेताना चकचकीत इंजिन पाहून भुलू नये. ताज्या रंगाखाली गळती लपलेली असू शकते. गाडी अर्धा तास चालवून जोडांपाशी कोरडा कागद फिरवला, तर तेलाचा डाग लगेच दिसतो.