मांजर, पाखरू आणि श्रेयनामावली

या वसंतातील व्याख्यानांत पेशवाईचे राजकारण ऐकावे, संतवाङ्मयाचे मर्म जाणून घ्यावे, पंचवार्षिक योजनांचा हिशेब मांडावा, हे रीतीला धरून आहे. तेथे आम्ही एक मांजर आणि एक पाखरू घेऊन उभे राहतो, यात कोणास औचित्यभंग वाटला तर आम्ही त्यांना दोष देणार नाही. विषय जाहीर झाला त्याच दिवशी आमचे एक वडीलधारे स्नेही म्हणाले, "अहो, हा मुलांच्या सुट्टीतला विषय. त्याला इतिहासात कशाला ओढता?" आम्ही म्हटले, "जी वस्तू तीन पिढ्या हसत बघत आल्या, ती कोणी केली, कोणत्या परिस्थितीत केली आणि तिचा मान कोणाच्या पदरात पडला, हे विचारणे इतिहासात बसत नसेल तर मग काय बसते?" स्नेही हसले, पण व्याख्यानाला आले आहेत, हे आम्हाला येथून दिसते आहे.

वस्तू अगदी लहान आहे, सात मिनिटांची. 'ट्वीटी पाय' या नावाचे हे व्यंगचलच्चित्र अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्स या चित्रसंस्थेने मे १९४७ मध्ये प्रदर्शित केले. कथा म्हणाल तर दोन ओळींची. बाहेर बर्फ पडले आहे, आणि एक चिमुकला पिवळा पक्षी कोणी टाकलेल्या चिरुटाच्या थोटकावर अंग शेकत बसला आहे. काळे-पांढरे बोकोबा त्याला पकडतात. घरची मालकीण, जिचा चेहरा आपल्याला दिसत नाही, त्या पाखराला सोडवून पिंजऱ्यात ठेवते आणि बोक्याला बजावते. पुढची सारी मिनिटे बोका त्या टांगलेल्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी जिवाचे रान करतो. सामानावर सामान रचतो, ते कोसळते. शेवटी माळ्यावर चढून पिंजऱ्याभोवतीचे छत करवतीने कापू लागतो, तर सगळे छत खाली येते आणि पिंजरा तेवढा एका तुळईला तसाच लटकत राहतो! मालकीण जागी होणार आणि झाडूचा मार बसणार, म्हणून बोका आधीच झाडू मोडून चुलाण्यात टाकतो. मार मात्र चुकत नाही. झाडूच्या जागी फावडे येते, आणि ते चालवणारे हात मालकिणीचे नसून त्या पाखराचे असतात.

आता मांजर आणि पाखरू ही जोडी आपल्याला काही नवी नाही. पंचतंत्रात कपिंजल पक्षी आणि ससा आपला तंटा घेऊन एका तपस्वी मांजराकडे न्याय मागायला जातात, आणि तो न्यायाधीश दोघांनाही खाऊन टाकतो. हितोपदेशातला दीर्घकर्ण म्हाताऱ्या गिधाडाच्या ढोलीत आश्रय मिळवून पाखरांची पिले फस्त करतो आणि आळ येतो तो गिधाडावर. आपल्या नीतिकारांनी ढोंगी माणसाला 'बैडालव्रती' हे नाव दिले तेही याच प्राण्यावरून. या सर्व कथांत मांजराला बुद्धी आहे, जीभ आहे, आणि शेवटी पोटभर जेवण आहे. हॉलिवुडच्या बोक्यापाशी यातले काय आहे? योजना पुष्कळ आहेत. जेवण एकदाही नाही. आमच्या मते या चित्राचे खरे नवेपण येथे आहे. प्रेक्षक पाखराच्या बाजूने बघायला बसतो आणि नकळत उपाशी बोक्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो. निदान आमचे तरी तसे होते.

हे दोन प्राणी एका आईची लेकरे नव्हेत, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. पाखरू जन्मले ते बॉब क्लॅम्पेट या दिग्दर्शकाच्या हातून, १९४२ च्या नोव्हेंबरात, 'अ टेल ऑफ टू किटीज' या चित्रात. अॅबट आणि कॉस्टेलो हे त्या काळचे लोकप्रिय विनोदी नट. त्यांची नक्कल करणारी दोन मांजरे त्यात एका घरट्याच्या मागे लागतात. त्या घरट्यातले पिलू अंगावर पीस नसलेले, गुलाबी, मोठ्या डोक्याचे होते. आपल्याच तान्हेपणीच्या छायाचित्रावरून ते सुचले, असे क्लॅम्पेट सांगत. बोलणे बोबडे, वृत्ती मात्र पक्की इरसाल! तारेला लोंबकळणाऱ्या मांजराची बोटे हे पिलू लहान मुलांची बोटे मोजण्याचे गाणे म्हणत एकेक करून सोडवते. काळ महायुद्धाचा होता. चित्राच्या शेवटी तेच पिलू हवाई हल्ल्याच्या पहारेकऱ्याचा आव आणून अंधारात चमकणाऱ्या मांजरांच्या डोळ्यांवर खेकसते, की दिवे विझवा! क्लॅम्पेट यांनी या पिलाची आणखी दोन चित्रे केली आणि मग ते ही संस्था सोडून गेले. पाखराला पुढे पिवळी पिसे आली, त्याचे कारण मोठे गमतीचे सांगितले जाते. नीतिरक्षक परीक्षकांना ते पाखरू उघडे दिसत होते म्हणे.

बोका फ्रिझ फ्रीलेंग यांचा. १९४५ च्या 'लाइफ विथ फेदर्स' मध्ये तो प्रथम दिसतो, आणि तेथे परिस्थिती अगदी उलटी आहे. बायकोला कंटाळलेला एक पक्षी जीव द्यायचा म्हणून बोक्यापुढे येऊन उभा राहतो, 'मला खा' म्हणतो. आणि हा विषाच्या संशयाने खायला तयार होत नाही! फ्रीलेंग यांनी त्याला सर्कशीतल्या विदूषकासारखे लाल नाक आणि ढगळ पायजमा घातल्यासारखे अंग दिले. 'ट्वीटी पाय' मध्ये त्याचे नाव टॉमस आहे. सिल्व्हेस्टर हे नाव त्याला १९४८ मध्ये चक जोन्स यांच्या चित्रात मिळाले.

येथवर ही प्राण्यांची कुळकथा झाली. ज्या घरात ते जन्मले त्या घराकडे आता वळू. लिऑन श्लेसिंजर नावाचे गृहस्थ सनसेट बुलेव्हार्डवर चित्रांचा एक कारखाना चालवीत आणि तयार माल वॉर्नर ब्रदर्सना पुरवीत. तेथल्या एका जुनाट इमारतीला तिथले चित्रकारच 'वाळवीची गच्ची' या अर्थाच्या नावाने ओळखत. कारखाना हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो. एका सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सात मिनिटांना दहा हजारांहून अधिक. काही चित्रे दोन दोन चौकटींना पुरवली तरी हजारो रेखाटने उरतातच, आणि ती पारदर्शक पत्र्यांवर गिरवणारे नि रंगवणारे हात निराळे असतात. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' करताना काड्यापेटीतल्या काड्या एकेक चौकट सरकवून नाचवल्या होत्या. तो एकट्याच्या चिकाटीचा खेळ होता; येथे शेकडो माणसांची पाळी होती, आणि पाळी आली की पगाराचा प्रश्नही येतो. १९४१ च्या मे महिन्यात चित्रकारांच्या संघटनेला मान्यता देण्यावरून श्लेसिंजर यांनी काही दिवस कारखान्याला टाळे लावले, आणि मग नमते घेतले. त्याच महिन्याच्या अखेरीस डिस्नेच्या दारात तो प्रसिद्ध संप उभा राहिला. १९४४ मध्ये श्लेसिंजर यांनी आपला कारखाना वॉर्नर ब्रदर्सना विकला, आणि निर्मात्याच्या खुर्चीवर कंपनीने एडवर्ड सेल्झर यांना बसवले.

सेल्झर हे कंपनीच्या प्रसिद्धीच्या कामातून आलेले. चित्रकलेशी त्यांचा संबंध बेताचाच, आणि विनोदाशी त्याहून कमी, असे त्यांच्या हाताखालचे कलावंत पुढे सांगत. बैलांच्या झुंजीत विनोदी काही नाही असे त्यांनी बजावले, आणि जोन्स मंडळींनी तेवढ्याच कारणाने बैलाच्या झुंजीचे चित्र काढले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. क्लॅम्पेट गेल्यावर त्यांचे पाखरू आपल्या बोक्यासमोर आणावे अशी कल्पना फ्रीलेंग यांनी काढली. सेल्झर म्हणाले, नको. फ्रीलेंग यांच्याच आधीच्या एका चित्रात बोक्याच्या समोर सुतारपक्षी होता, तोच पुन्हा घ्या. वाद वाढला. फ्रीलेंग यांनी हातातली पेन्सिल सेल्झर यांच्यापुढे ठेवली आणि, तुम्हाला इतके कळते तर चित्र तुम्हीच काढा, असे सांगून ते निघून गेले. त्याच रात्री सेल्झर यांचा दूरध्वनी आला, की पाखरू घ्या.

पेन्सिल ठेवणे ही लहान गोष्ट नव्हती. पगारी दिग्दर्शकाने निर्मात्याला असे उत्तर देणे म्हणजे नोकरीशी खेळणे होते. सेल्झर यांनीही मोडता घेतला नाही, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. हट्टाला पेटणारे अधिकारी आपण काही कमी पाहिलेले नाहीत.

मग काम सुरू झाले. कथा मायकेल मॉल्टीज आणि टेड पीअर्स यांची, आखणी हॉले प्रॅट यांची. व्हर्जिल रॉस, जेरी चिनिकी आदी मंडळी हालचाली रेखाटणारी. फ्रीलेंग यांची खासियत कालमापनात होती. संगीताच्या मात्रांचे कागद समोर घेऊन ते हालचाल बसवीत. बोका कोणत्या मात्रेला थबकेल आणि कोणत्या मात्रेला आपटेल हे आधी ठरलेले असे. संगीतकार कार्ल स्टॉलिंग यांनी उमेदीच्या काळात कॅन्सस सिटीच्या चित्रगृहात मूकपटांना वाद्याची साथ केली होती, तो हात येथे कामाला आला. तबल्याच्या समेवर मान डोलवणाऱ्या आपल्या रसिकाला यातले मर्म सांगायला नको. विनोद समेवर पडला तरच हशा येतो. अर्धी मात्रा इकडेतिकडे झाली की बोका नुसता पडतो. आवाज मेल ब्लँक यांचे. पाखराचा आवाज ध्वनिमुद्रणाची गती वाढवून बारीक केलेला. बोक्याची थुंकी उडवणारी, ओली बोली त्यांच्या स्वतःच्या गळ्यातली. मांजर तेच, पाखरूही तेच! दोन्ही बाजूंची वकिली एकाच इसमाने करावी असा हा प्रकार.

त्या काळी या क्षेत्रात एम्. जी. एम्. कंपनीच्या टॉम आणि जेरीचे राज्य होते. १९४३ ते १९४६ या चारही वर्षांचे अकादमी पारितोषिक त्यांनी घेतले होते. चौथ्या वेळी तर मोठी कटुता झाली. लिस्टच्या दुसऱ्या हंगेरियन ऱ्हॅप्सडीवर टॉमचे एक चित्र आणि फ्रीलेंग यांचे सशाचे एक चित्र जवळजवळ एकाच वेळी, जवळजवळ त्याच कल्पनांसह आले. दोन्ही पक्षांनी एकमेकांवर उचलेगिरीचा आरोप केला, आणि पारितोषिक टॉमला गेले. या पार्श्वभूमीवर २० मार्च १९४८ च्या रात्री 'ट्वीटी पाय' चे नाव पुकारले गेले तेव्हा वॉर्नरच्या व्यंगचित्र विभागाला काय वाटले असेल याची कल्पना करावी. त्या विभागाचे हे पहिले अकादमी पारितोषिक.

पण नियमाप्रमाणे ती सोन्याची बाहुली निर्मात्याच्या नावे होती. ज्यांनी 'पाखरू नको' म्हटले होते, तेच सेल्झर तिचे मानकरी ठरले! १९५० साली असाच प्रसंग पुन्हा आला. जोन्स यांच्या ज्या प्रेमवेड्या स्कंकला सेल्झर यांचा विरोध होता, त्याच्याच चित्राला पारितोषिक मिळाले, आणि तेही सेल्झर यांच्याच नावे जमा झाले.

येथे कोणी म्हणेल, बाहुली कोणाकडे का असेना, पडद्यावर नावे तर होती? होती, पण राहिली नाहीत. गाजलेली जुनी चित्रे निळ्या फितीचे मानचिन्ह लावून पुन्हा प्रदर्शित करण्याची या कंपनीची पद्धत होती. तसे करताना सुरुवातीची मूळ पाटी कापून नवी जोडत, आणि नव्या पाटीवर चित्राचे नाव तेवढे असे. दिग्दर्शक, लेखक, रेखाटणारे, सर्व गाळले जात. 'ट्वीटी पाय' १९५५ मध्ये असेच पुन्हा आले. पुढे दूरचित्रवाणीवरून जगभरच्या मुलांनी जे पाहिले ते हे नवे रूप. मालकिणीचा चेहरा न दाखवण्यात कलेचा हेतू होता. चित्रकारांचे चेहरे झाकण्यात कोणता हेतू होता? बहुधा हेतू असा काही नव्हताच; फिल्मची लांबी आणि थोडा खर्च वाचत होता, इतकेच.

जोडी पुढे दीर्घकाळ चालली. १९५० च्या 'कॅनरी रो' पासून पिंजऱ्याजवळ छत्री घेतलेली आजीबाई आली. 'बर्ड्स अॅनॉनिमस' हे १९५७ चे चित्र आम्हाला या मालिकेत सर्वांत सरस वाटते. दारू सोडू इच्छिणाऱ्यांच्या मंडळाप्रमाणे येथे पाखरे सोडू इच्छिणाऱ्या मांजरांचे मंडळ आहे, आणि आपला बोका व्रत घेतो. आपल्याकडचे बैडालव्रत ढोंगाचे. याचे व्रत खरे आहे, म्हणूनच त्याचे हाल बघवत नाहीत. रात्रभर तळमळून तो हुंदके देऊ लागतो तेव्हा हसताहसता घशात काहीतरी अडकते. या चित्रालाही अकादमी पारितोषिक मिळाले, अर्थात सेल्झर यांच्या नावे. पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले. १९६३ मध्ये कंपनीने हा विभागच बंद केला. आधी तयार होऊन राहिलेले या जोडीचे अखेरचे चित्र १९६४ मध्ये बाहेर पडले. १९९८ मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने दोघांचे तिकीट काढले.

सेल्झर १९७० मध्ये वारले. त्यानंतर 'बर्ड्स अॅनॉनिमस' ची ती बाहुली मेल ब्लँक यांच्या घरी आली, आणि आपल्या साऱ्या कामांत हेच चित्र आपल्याला अधिक प्रिय आहे, असे ते सांगत असत.