एका दृष्टिक्षेपात हायडेलबर्ग

नेकार नदीच्या उत्तर तीरावरील डोंगरउतारावरून 'तत्त्वज्ञांची वाट' म्हणून एक रस्ता जातो. हायडेलबर्गची जी पॅनोरामा छायाचित्रे जगभर पसरली आहेत, त्यांपैकी पुष्कळशी येथूनच घेतलेली. खाली नदी, तीवर जुना पूल, पलीकडे दाटीने बसलेली तांबडी कौले, आणि माथ्यावर, गर्द वनराजीच्या पुढे, तांबूस वालुकाश्माचा भग्न किल्ला. एवढा विस्तार पाहावयास माणसास मान फिरवावी लागते. पॅनोरामाचा कॅमेराही तेच करतो. हल्ली तर एकमेकांवर थोडी चढणारी अनेक छायाचित्रे संगणकच सांधून देतो. या खटाटोपात सरळ पूल पुष्कळदा धनुष्यासारखा वाकतो, हे कोणाच्याही ध्यानात येते. काळाला पडलेला बाक मात्र दिसत नाही, आणि इतिहासाच्या अभ्यासकास तोच अधिक महत्त्वाचा.

चित्रातील सारे नगर पाहणारास एकाच वयाचे व फार पुराणे वाटते. वस्तुतः चौदाव्या लुईच्या सैन्याने १६८९ व १६९३ मध्ये किल्ल्याचे बुरूज सुरुंगांनी उडविले आणि नगर भस्मसात केले. आजची बहुतेक घरे त्यानंतर जुन्याच गल्ल्यांच्या आखणीवर उभी राहिली. १५९२ चे 'रिटर' हे दगडी घर वाचले, ते अपवादच. ज्या आगीने वर भग्नावशेष ठेविला, तिनेच खालचे नवे नगर घडविले. १७२० मध्ये इलेक्टर कार्ल फिलिप याने राजधानी मान्हाइमला नेली, आणि १७६४ मध्ये वीज पडून किल्ल्याचे उरलेसुरले वैभवही जळाले. 'जुना पूल' तर याहूनही धाकटा. १७८४ च्या हिमपुरात आधीचा पूल वाहून गेल्यावर १७८८ मध्ये तो दगडात बांधला गेला. मार्च १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच त्याच्या कमानी उडविल्या, आणि १९४७ मध्ये तो पुन्हा उभा राहिला.

छायाचित्राच्या शोधापूर्वी दोन शतके, १६२० मध्ये, मातेउस मेरियान याने याच बाजूने नगराचा विस्तीर्ण देखावा ताम्रपटावर कोरला. त्यात किल्ला अखंड आहे. दोनच वर्षांनी टिलीच्या फौजेने नगर घेतले आणि १६२३ मध्ये तेथील विख्यात ग्रंथसंग्रह रोमला रवाना झाला. म्हणून त्या चित्राची योग्यता फार मोठी. तथापि मेरियानवर डोळे झाकून विसंबता येत नाही. किल्ल्याशेजारच्या ज्या उद्यानाची आखणी सालोमाँ द को याने केली, ते मेरियानच्या चित्रात पूर्णत्वास गेलेले दिसते. प्रत्यक्षात १६१९ मध्ये पाचवा फ्रीडरिक बोहेमियाचे राज्य स्वीकारून प्रागला गेला, आणि उद्यानाचे काम थांबले ते कायमचे.

किल्ल्याचे अवशेष तरी टिकले कसे? त्यांचे दगड उचलून नेण्यास आरंभ झाला होता. शार्ल द ग्रांबेर्ग हा फ्रेंच गृहस्थ १८१० मध्ये येथे आला, १८६४ मध्ये मरेपर्यंत येथेच राहिला, आणि ती लूट थांबविण्यासाठी झटला. फ्रेंचांनी पाडलेले फ्रेंचानेच राखावे, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्ल शेफर याने फ्रीडरिकच्या वाड्याचा जीर्णोद्धार केला. नदीपलीकडून जी देखणी, सुस्थितीतील दर्शनी भिंत दिसते, ती याच वाड्याची. पुढे ओटहाइनरिकचा वाडाही तसाच पुरा करण्याची योजना निघाली. तेव्हा गेओर्ग डेहिओ याने १९०१ मध्ये एक पुस्तिका लिहून तिला कडाडून विरोध केला. राखावे, पुन्हा रचू नये, असे त्याचे म्हणणे. आमच्या मते त्याचीच बाजू न्यायाची होती. कारण नवी भिंत जुन्या घाटाची असली, तरी साक्ष देते ती बांधणाऱ्याच्या काळाची.

त्या वादात ओटहाइनरिकचा वाडा छपराविना राहिला. पण त्याची शिल्पमंडित भिंत चौकाच्या आत वळलेली असल्याने नदीपलीकडच्या पॅनोरामात ती येत नाही. तीसाठी चढ चढून वर जावे लागते. तेथे वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत दालन नसते, मागचे आकाश असते.